ब्रेकवरचा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी जीव मुठीत धरून बसलेल्या शिक्षकाच्या पायाशी. त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून जिने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, तिला स्विमिंग क्लबात सगळे ब्रेकबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं.

क्लब मोठ्या माणसांचा होता. म्हणजे पोटं सुटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या आणि टोपी काढल्यावर कपाळावर वळ उमटलेला दिसणाऱ्या माणसांचा. तलावात तीन लेन होत्या. पायऱ्यांकडची लेन गप्पा मारत पोहणाऱ्यांची, पलीकडच्या भिंतीची सुसाट मंडळींची आणि मधली ब्रेकबाईची. तसा त्या लेनचा काही सातबारा तिच्या नावावर नव्हता. पण शिट्टी झाली की मधल्या लेनमध्ये पहिली ती सुटायची आणि बाकीचे एकामागोमाग तिच्या मागे, हे इतकी वर्षं चाललं होतं की कोणी वेगळा विचारच करत नव्हतं.

कोच म्हणजे शिट्टीताई. तिचे नियम साधे होते. डावीकडून जायचं, डावीकडूनच परत यायचं. दम लागला तर भिंतीच्या कोपऱ्यात थांबायचं, मधोमध उभं राहून वळणाऱ्याची वाट अडवायची नाही. पुढच्याला गाठलंत तर त्याच्या तळव्याला बोटाने एकदा टॅप करायचं. मग तो पुढच्या भिंतीशी कोपऱ्यात सरकतो आणि तुम्ही पुढे जाता. गुदगुल्या नाहीत, ओढाओढ नाही आणि मुख्य म्हणजे रुसवेफुगवे नाहीत.

नव्या सभासदांना हे सगळं ब्रेकबाईच समजावून सांगायची. तिच्या स्वतःच्या तळव्याला मात्र कित्येक वर्षांत कोणाचं बोट लागलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती. लेक लग्न होऊन गेल्यापासून घर खायला उठायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबायचा आणि संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडायचं. आठवड्यातून दोनदा, या एका जागी, ती सगळ्यांच्या पुढे असायची. ती जागा गेली असती तर तिला खरोखर रडू आलं असतं.

आणि अशात विहीणबाई क्लबात आल्या.

लेकीची सासू. चष्म्याचं दुकान चालवणारी, हळू बोलणारी, हसताना तोंडावर हात ठेवणारी बाई. पहिल्या दिवशी हिरवी टोपी घालून त्या मधल्या लेनमध्ये उतरल्या, तेव्हा ब्रेकबाईने त्यांना नियम जरा जास्तच सविस्तर सांगितले. "दमलात तर लाजू नका हं विहीणबाई, पायऱ्यांकडची लेन आहेच."

"हो हो, तुमच्या मागेमागे येते," विहीणबाई म्हणाल्या.

आणि त्या खरंच आल्या. महिने उलटले, पण हिरवी टोपी ब्रेकबाईच्या मागे एका ठरावीक अंतरावर असायची. कधी टॅप नाही, कधी धाप नाही. ब्रेकबाई फोनवर लेकीला सांगायची, "तुझ्या सासूबाई बऱ्या पोहतात गं. मला गाठणं काही जमत नाही, पण बऱ्या पोहतात." त्यावर लेक पटकन विषय बदलायची.

एका शुक्रवारी एका शिकाऊ पठ्ठ्याने चढावर गाडी बंद पाडली. ती चालू करेपर्यंत मागे ही रांग लागली. त्या भानगडीत ब्रेकबाईला क्लबात पोचायला उशीर झाला. टोपी हातात घेऊन ती घाईघाईने काठाशी आली आणि तिथेच थबकली.

मधल्या लेनमध्ये हिरवी टोपी सर्वांत पुढे होती. पाणी न उडवता, लांब हात टाकत विहीणबाई सपासप निघाल्या होत्या. एरवी त्यांच्या पाठोपाठ चिकटून असणारे, याच लेनमधले दातांचे डॉक्टर पार अर्धा तलाव मागे पडले होते.

"आज मधली लेन कशी मोकळी सुटलीय बघा!" शेजारून शिट्टीताई म्हणाली. मग आपण कोणाशी बोलतोय ते तिच्या लक्षात आलं आणि तिने उगाचच शिट्टी फुंकली.

ब्रेकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं हळू पोहणं एक वेळ पत्करलं, पण इतके दिवस आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं? ती तडक पाण्यात उतरली आणि कोपऱ्यात उभी राहिली.

विहीणबाईंनी वळता वळता तिला पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या. लगबगीने कोपऱ्यात सरकल्या. धापसुद्धा लागली नव्हती, पण लागल्यासारखं करत म्हणाल्या, "आलात? या, पुढे व्हा. मी आपली तुमच्या मागेच बरी."

"आज तुम्ही व्हा पुढे."

"अहो, पण..."

"उशिरा येणाऱ्याने मागे राहायचं. नियम आहे."

विहीणबाई निघाल्या आणि ब्रेकबाई त्यांच्या मागे. दोन हात मारले नाहीत तोच तिच्या ध्यानात आलं, की मघाची ती सपासप चाल कुठल्या कुठे गेली आहे. समोरचे पाय अगदी जपून, अंदाज घेत हलत होते. पुढे असूनही ही बाई मागच्याला सांभाळत होती. असे पाय ब्रेकबाई चांगले ओळखत होती. रोज आठ तास ते तिचेच असायचे.

तिने हात लांब केला आणि विहीणबाईंच्या तळव्याला टॅप केलं. तिच्या आयुष्यातला तो पहिला टॅप.

भिंतीशी विहीणबाई आज्ञाधारकपणे कोपऱ्यात सरकल्या. पण ब्रेकबाई पुढे गेलीच नाही. तीही थांबली, गॉगल कपाळावर चढवला.

"पुढे जायला नाही केलं टॅप. ब्रेकवरचा पाय काढा."

विहीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "कॉलेजात पोहायचे हो मी. इथे यायचं ठरलं तेव्हा सूनबाई म्हणाली, आईची तेवढी एकच जागा आहे, तेवढी सांभाळा. मग मी कशी टॅप करणार?"

ब्रेकबाईला लेकीचा राग आला आणि त्याच क्षणी तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. लेकीचा राग आला आणि त्याच क्षणी तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. गॉगल कपाळावर असल्याने डोळ्यांतलं पाणी तलावाचं आहे असं म्हणायची सोय नव्हती.

"माझं गाडीतलं काम तुम्ही का करताय?" ती शेवटी म्हणाली. "मला पगार मिळतो त्याचा."

तेवढ्यात दातांचे डॉक्टर येऊन भिंतीला धडकले. "बायांनो, घरातलं घरी बोला. इथे वळायला जागा द्या."

दोघी हसत सुटल्या. विहीणबाईंनी या वेळी तोंडावर हात ठेवला नाही. त्यांनी भिंतीला पाय रेटला आणि बघता बघता फक्त बुडबुडे मागे उरले. मागोमाग ब्रेकबाईने डॉक्टरांनाही जाऊ दिलं आणि शेवटी स्वतः निघाली.

पुढे कोणी तरी आहे, ही सवय नसल्याने आधी तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. वाईटही वाटत होतं, नाही असं नाही. तरी ती आपल्या चालीने, फरशीवरची काळी रेघ बघत पोहत राहिली. आणि बऱ्याच वेळाने, परतीच्या वाटेवर, तिच्या तळव्याला काही तरी लागलं.

टॅप. चांगला खणखणीत.

तिच्यापेक्षा एक पूर्ण फेरी जास्त मारून हिरवी टोपी तिच्या मागे येऊन पोचली होती. पाण्यात हसल्याने ब्रेकबाईच्या नाकातोंडात पाणी गेलं. खोकत खोकत तिने भिंत गाठली, कोपऱ्यात सरकली आणि वाट मोकळी करून दिली.