एका पाकिटातली भावंडं

"इंदाय, तुझं मशीन म्हातारं झालंय का गं?" गावची आरोग्य स्वयंसेविका आणि सगळ्यांची 'तिया', म्हणजे मावशी, असलेल्या पासिंगने छत्री मिटता मिटता यादी टेबलावर टाकली. "गालेगोंच्या जुनेलचं गोवराचं इंजेक्शन राहिलंय म्हणे! अगं, तो घोडा दुसरीत जातो. माझ्यासमोर बोंबलला होता इंजेक्शन घेताना."

खोलीत हशा पिकला. आरोग्य केंद्रातल्या नोंदी सांभाळणारी रोझेलही हसली; तिला सगळे लाडाने 'इंदाय', म्हणजे पोरी, म्हणत. "मग काय केलंत, तिया?"

"काय करणार? खोडलं. दर आठवड्याला खोडतेय. असले टोणगे बरेच आहेत यादीत."

रोझेलचं हसू ओसरलं. शेजारच्या बेटावर गोवर आला होता आणि डोस राहिलेल्या मुलांची हीच यादी घेऊन तिया दारोदार फिरत होती. तिने यादी ओढून पाहिली. खोडलेलं प्रत्येक नाव त्या त्या घरातल्या थोरल्याचं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी प्रांताच्या कचेरीने नोंदींचे तक्ते नव्या यंत्रावर हलवले. तेव्हापासून ते इथल्या कॉम्प्युटरवर नुसते दिसत, नवी नोंद काही घेत नसत. रोझेलने ते पुन्हा जोडले. जोडताना कॉम्प्युटरने विचारलं, एकेक ओळ कोणत्या रकान्यावरून ओळखायची? तिने बेधडक 'कुटुंब क्रमांक' निवडला. इथे सगळं त्यावरच चालायचं. एका घराचं एक जाड पाकीट, आत आईपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांचे कागद. दारात आलेल्या बाईला नाव नंतर, आधी पाकिटाचा नंबर विचारायचा. नोंदी पुन्हा होऊ लागल्या. खात्रीसाठी तिने आपल्याच सात महिन्यांच्या अमिहानचं नाव उघडून पाहिलं होतं. बरोबर आलं.

येणारच होतं. तिच्या पाकिटात मूल एकच.

आता तिने गालेगोंचं पाकीट उघडलं. तीन मुलं, तीन ओळी. जुनेल. जुनेल. जुनेल.

जुन्या तक्त्यावर मुलाच्या क्रमांकाचा इंडेक्स होता. एका मुलाचा क्रमांक दुसऱ्याला मिळायचा नाही, असा पक्का बंदोबस्त. हलवताना माहिती आली, इंडेक्स मागेच राहिला. म्हणूनच तर तो प्रश्न आला होता. आणि तिने दाखवलं पाकीट! कॉम्प्युटर धाकट्याला शोधायला पाकिटात हात घालायचा आणि हाताला पहिलं लागेल ते मूल बाहेर काढायचा.

"मानांग," ती आतल्या नर्स एस्तेरला म्हणाली; मानांग म्हणजे थोरली ताई. "चूक माझी आहे."

एस्तेरने सगळं ऐकून घेतलं. "रडायचं असेल तर संध्याकाळी रड. आधी कचेरीला फोन लाव."

कचेरीतल्या माणसाने कुरकुरत का होईना, इंडेक्स बसवला. रोझेलने तक्ते तोडून पुन्हा जोडले. या वेळी कॉम्प्युटरने काही विचारलं नाही. यादी बाहेर आली. एक्केचाळीस नवी नावं, सगळी धाकटी. जुनेलच्या जागी बिया गालेगो, वय चौदा महिने.

"बिया?" तिया पासिंग खुर्चीत बसली. "तिला परवापासून ताप आहे. आई विचारत होती. मी म्हटलं, दात येत असतील."

एस्तेरने लशीच्या पेटीत बर्फ भरायला घेतला. "चला. जेवण नंतर."

"मीही येते," रोझेल म्हणाली.

"तुझं लेकरू लहान आहे, इंदाय. त्याला अजून लस नाही. तू घरात काय घेऊन जाशील, विचार कर."

तो विचार रोझेलने मघाशीच केला होता. तिने तोंडाला मास्क बांधला. "नावं मी वाचते, मानांग. या वेळी मला डोळ्यांनी बघायचंय."

गालेगोंच्या दारात बियाची आई पोरीला खांद्यावर घेऊनच आली. पोरीचे डोळे लाल होते. यादी बघताच सवयीने आईच म्हणाली, "पाकिटाचा नंबर सांगू?"

"नको," रोझेल म्हणाली. "हिचं नाव सांगा."

"बिया."

एस्तेरने पोरीचे केस बाजूला केले. कानामागे बारीक लाल पुरळ उठला होता. तिने हातातली सुई पुन्हा पेटीत ठेवली.