प्रार्थनेचा विषय

लेकीच्या निळ्या स्वेटरच्या बाहीवर मेणाचा थेंब होता.

आई लाँड्रीत काम करायची. धुवायला आलेल्या कपड्यांचे खिसे तपासायचे, डाग कशाचा ते ओळखायचं आणि तशी चिठ्ठी लावून कपडा आत पाठवायचा, हे तिचं काम. घरी आल्यावरही तिचे हात थांबत नसत. लेकीचे खिसेसुद्धा ती त्याच निष्ठेने बघे आणि त्याला काळजी म्हणे.

मेणाच्या थेंबाने तिच्या मनात पाल चुकचुकली. घरातली वीज गेली नव्हती. त्यांच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावत नाहीत, तिथे सगळा ट्यूबलाइटचा कारभार. लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि तिथे मेणबत्तीच्या उजेडात कोणी दाढ काढत नाही. मग राहिलं काय? हॉटेल. मंद उजेड. समोर कोणीतरी बसलेला. मेणबत्तीच्या उजेडात जेवायला नेणारा माणूस काहीतरी लपवतच असणार. निदान टक्कल.

शिवाय शनिवारी दवाखाना दुपारीच बंद होई आणि लेक उगवायची पार दिवेलागणीला.

"शनिवारी कुठे असतेस गं?" आईने स्वेटरची घडी घालता घालता विचारलं.

"कुठे नाही. चालत येते."

"कोणाबरोबर?"

"पायांबरोबर," लेक म्हणाली आणि आंघोळीला गेली.

बाप देवाघरी गेल्यापासून या घरात दोघीच. लेक आता लहान नव्हती, पण आईच्या हिशेबी ती अजून रस्ता ओलांडायचीच होती.

बुधवारी पाळकीणबाईंच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नीच्या, बैठकीच्या खोलीत बायकांची प्रार्थनासभा असायची. प्रत्येकीने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा, मग सगळ्यांनी मिळून तो प्रभूपुढे ठेवायचा. कोणाच्या नवऱ्याची कंबर, कोणाच्या सुनेचा स्वभाव. आई कधी रिकाम्या हाताने जात नसे, लेकीचा काही ना काही विषय तिच्यापाशी असेच. तिची प्रार्थना म्हणजे प्रभूला दिलेल्या सूचना. आधी हे कर, मग ते कर, आणि जमलं तर शनिवारच्या आत.

"माझ्या लेकीच्या आयुष्यात कोणीतरी आलंय," ती म्हणाली. "प्रभूने ते उघड करावं."

घड्याळकाकू सावरून बसल्या. प्रार्थना लांबली की त्या एक डोळा उघडून मनगटाकडे बघत, म्हणून हे नाव पडलेलं. आता मात्र दोन्ही डोळे आईवर. "वय काय त्याचं?"

"ते प्रभूलाच ठाऊक."

"लग्न झालेला आहे?"

"आता मी कसं सांगू?"

"म्हणजे झालेलाच," असं म्हणून काकूंनी भक्तिभावाने डोळे मिटले.

प्रभूने उघड करेपर्यंत वाट बघायची, एवढा दम आईला कुठला! शनिवारी डोकं दुखतंय म्हणून ती लाँड्रीतून लवकर निघाली आणि दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर पदर डोक्यावर घेऊन बसली. लेक एकटीच बाहेर पडली. तिने दोन चौक ओलांडले, छपाईच्या दुकानांची गल्ली पार केली आणि एका जुन्या दगडी चर्चमध्ये शिरली. त्यांच्या नव्हे, दुसऱ्या पंथाच्या.

इथे भेटतात होय! आई मागोमाग आत शिरून खांबाआड उभी राहिली.

पण कोणी आलंच नाही. लेकीने एक मेणबत्ती पेटवली, ती कलती धरून कठड्यावर मेण सांडलं, त्यात ती रोवली आणि गुडघे टेकले. मग तिचे खांदे हलायला लागले.

पुरुष परवडला असता. पुरुषाला गाठून चार शब्द सुनावता येतात. हे काय होतं? आजार? गाठबीठ? कोणी फसवलं?

मेणबत्त्यांच्या कठड्यावरचं मेण खरवडणारी एक म्हातारी जवळ सरकली. "तुमची कोण?"

"लेक."

"दर शनिवारी येते बिचारी. गेल्या शनिवारी माझ्याशी बोलत होती..."

"काय बोलली?" आईने तिचं मनगटच धरलं.

म्हातारीने तोंड उघडलं आणि तेवढ्यात लेकीने मागे वळून पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर दोघी उभ्या राहिल्या. लेकीचं नाक लाल झालेलं.

"आई, इथेसुद्धा?"

"मला वाटलं, कोणी पुरुष आहे."

"आहे ना. आत क्रुसावर आहे."

"थट्टा करू नकोस. आपल्या चर्चमध्ये काय वाईट होतं रडायला?"

"तिथे देवाच्या आधी घड्याळकाकूंना कळतं." लेकीचा आवाज चढला नाही, म्हणूनच आईला भीती वाटली. "गेल्या वर्षी मुलाखतीचं फक्त तुला सांगितलं होतं. माझी निवड झाली नाही, तर भाजीवाल्यापासून सगळे मला धीर द्यायला लागले."

"अगं, प्रार्थनेसाठी सांगितलं होतं मी!"

"माझी गोष्ट होती ती, आई."

आईने पदर सारखा केला. मग राहवेना. "आजारी आहेस का?"

"नाही सांगणार."

"एवढं तरी सांग, बरी आहेस की..."

"आई. सांगण्यासारखं झालं की आधी तुलाच सांगेन. पण बुधवारी त्या खोलीत माझा विषय निघाला, तर पुन्हा काहीच सांगणार नाही. अंथरुणाला खिळले तरी नाही."

लेक पायऱ्या उतरून निघून गेली. मागे दारात म्हातारी अजून उभी होती, सांगायला आसुसलेली. "अहो, तिचं असं झालंय की..."

"नको!" आईने कानांवर हात ठेवले. "थांबा. मी आधी जाते, नाहीतर ऐकेन." आणि ती खरोखरच धावत सुटली. या वयात, या गुडघ्यांनी.

पुढचे दिवस तिचा जीव टांगणीला लागला. लेक कमी जेवली की ती घास मोजी, जास्त जेवली तर वेगळंच मनात येई. लेकीचे कपडे ती चिमटीत धरून थेट बादलीत टाकी. खिशाला हात लागला तर विस्तवाला लागल्यासारखा मागे घेई. सगळ्यात जास्त राग तिला प्रभूचा आला. त्याला सगळं माहीत होतं आणि तो तोंड उघडत नव्हता. तो लेकीला फितूर असल्याचा तिला दाट संशय होता.

बुधवारी पाळकीणबाईंनी विषय विचारायच्या आधीच घड्याळकाकू पुढे झुकल्या. "काय गं, झालं का उघड?"

खोली कान टवकारून बसली. आईच्या जिभेवर सगळं तयार होतं: दगडी चर्च, मेणबत्ती, ते हलणारे खांदे. इतक्या जणी मिळून मागतील, तर प्रभूला ऐकावंच लागेल. एकटीच्या आवाजाला कोण विचारतो?

"आज माझा काही विषय नाही," ती म्हणाली.

"असं कसं? आणि त्या माणसाचं काय?"

"माणूसबिणूस कोणी नाही. मीच उगाच बोलले. लेकीचं मी तुम्हाला सांगायला नको होतं, आजवरचंही."

"म्हणजे नक्कीच काहीतरी आहे!"

"असेल," आई म्हणाली. "मला माहीत नाही."

हे शब्द तिच्या तोंडून या खोलीत पहिल्यांदाच निघत होते. सगळ्यांनी डोळे मिटले. तिनेही मिटले आणि सवयीने सूचना द्यायला गेली, पण काय कर म्हणून सांगणार? काय मोडलंय तेच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती लेकीला प्रभूच्या हाती सोपवत होती आणि तिचं बोट मात्र सोडत नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं थोडंच आहे! 'तू बघ,' ती मनात म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, जरा दरडावून, 'पण बघ हं.' मग तेही मागे घेतलं आणि नुसतीच बसून राहिली, ओंजळ उघडी ठेवून.

संध्याकाळी लेक घरी आली. चपला काढता काढता म्हणाली, "घड्याळकाकूंचा फोन आला होता. विचारत होत्या, तुझ्या आईला बरं नाही का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, काही कल्पना नाही." लेक हसली. बऱ्याच दिवसांनी. मग पाणी पिता पिता, आईकडे न बघता म्हणाली, "उद्या मला उशीर होईल."

कुठे, कोणाबरोबर, किती, असे सगळे प्रश्न आईच्या ओठांपाशी गर्दी करून उभे राहिले. तिने लेकीच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"बरं," ती म्हणाली. "आतून कडी घालत नाही मग."