कापलेला उदो

आमचे सोपानतात्या परंड्यात गोंधळाला संबळ वाजवतात. त्यांचं वाजवणं मी गुपचूप मोबाईलवर घेतलं आणि पुण्यात बसून त्यावर गाणं केलं. सहा वर्षांत माझं एवढं एकच गाणं चाललं. "संबळ कुणी वाजवलाय?" असं लोकांनी विचारलं, तेव्हा निर्लज्जासारखा "मीच" म्हणून मोकळा झालो.

दिवाळीला गावी गेलो, तर तात्यांनीच ते गाणं लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकत बसले. मी मोबाईलवर घेतलं त्या दिवशी वाजवता वाजवता त्यांनी "उदो" अशी आरोळी दिली होती. ती मी कापून टाकली होती. नेमक्या त्याच जागी तात्या हळूच म्हणाले, "उदो."

गाणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज लई चिरका झालाय व्हय रं माझा?"