पहिल्या रेकॉर्डवरचा अकॉर्डियन

अगाथानं लाटलेल्या पारीवर अक्रोडाचं सारण पसरलं आणि दारावरची थाप ऐकून कोपरानंच दार ढकललं.

"ये गं पोरी. लायल आतच बसलाय, फुकटची कॉफी ढोसत."

नादिया ब्रुनर सकाळीच क्लीव्हलंडहून निघाली होती. लायल कोवाचच्या पहिल्या दोन रेकॉर्ड चाळीस वर्षांनी पुन्हा निघणार होत्या, आणि त्यांच्यासोबतची पुस्तिका ती लिहीत होती. त्या काळी समीक्षकांनी दोन्ही पार निकालात काढल्या होत्या. पुढे बंद कारखान्यांच्या गावांची गाणी गाऊन लायल देशभर गाजला. पण ती सुरुवात तो स्वतःही टाळायचा.

"सगळे म्हणतात, तुमचा ठेका दक्षिणेतल्या ब्लूजचा," नादिया म्हणाली. "मला तो लग्नांत नाचतात त्या पोल्काचा वाटतो. आणि वेष्टनावर ऑर्गन छापलाय, पण मूळ टेपवर अकॉर्डियन आहे. कोण वाजवतंय?"

लायलनं कपात डोकावलं. मैदानंच्या मैदानं डोलवलेला गडी, पण थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात साठीतही शाळकरी व्हायचा.

"होता कोणीतरी, भाड्यानं आणलेला."

"सांगून टाक की आता," अगाथा म्हणाली. "मीच ती."

"तूच शपथ घातली होतीस! बाबांना कळलं तर घरात घेणार नाहीत म्हणून."

"बाबांना ठाऊक होतं. माझी अकॉर्डियनची पेटी त्यांनीच गाडीत ठेवली."

लायलचा कप हवेतच राहिला. "मग लपवलंस कशाला?"

अगाथा पारी गुंडाळू लागली. "रेकॉर्ड भिकार होती रे. दर रविवारी चर्चमध्ये वाजवणारी बाई मी. त्या गोंगाटावर माझं नाव?"

"अगं, तू माझ्यासाठी केवढा त्याग केलास म्हणून दर नाताळला अख्खं हॅम पाठवतोय मी! चाळीस वर्षं!"

"हॅम छान असतं."

नादियाला हसू आवरेना. तिनं टेपची नक्कल फोनवर लावली. आधी अकॉर्डियनचा सूर आला, मग विशीतल्या लायलचा खरबरीत आवाज. अगाथाचे हात थांबले. टेबलाखाली तिचा पाय ठेका धरू लागला.

गाणं संपलं.

"परत लाव."

या खेपेला ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिनं बोट वर केलं.

"मी भाता ओढते तिथंच तू श्वास घेतोस. प्रत्येक ओळीला."

"दुसरं कुठं शिकलो होतो मी गाणं?" लायल पुटपुटला.

अगाथानं पिठाचे हात अ‍ॅप्रनला पुसले, नादियाची वही स्वतःकडे ओढली आणि पेन मागितलं.

"लग्नानंतरचं आडनाव नको," एकेक अक्षर कोरत ती म्हणाली. "तेव्हा मी कोवाचच होते."