दर दुसऱ्या शुक्रवारी

फळ्यावर गणित लिहिताना इर्मा लोवेनने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. चार वाजता तिला शोरूममध्ये सह्या करायच्या होत्या.

बारावीच्या वर्गाला ते माहीत नव्हतं. फळ्यावरची गाडी कुणा 'मिस्टर क्ष'ची होती. सहा वर्षांचं कर्ज, दर दुसऱ्या शुक्रवारी, म्हणजे एक आठवडा सोडून, १४८ डॉलरचा हप्ता, आणि गाडीवर महिन्याला फार तर तीनशे खर्चता येतात. तर घ्यावी का?

आकडे इर्माच्या पर्समधल्या कागदावरचे होते. दर रविवारी तिला ब्रँडन शहरात, वृद्धाश्रमातल्या आईकडे जावं लागे, आणि जुनी गाडी या जानेवारीत दोनदा हायवेवर बंद पडली होती. नव्या गाडीचा हिशेब तिने घरी केला होता. बसत होता. तरी आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"दोनशे शहाण्णव," डेरिक पेनर म्हणाला. "चार डॉलर उरले. कॉफी प्यायला मोकळा!"

"बरोबर," म्हणत इर्माने उत्तराखाली रेघ ओढली.

"नाही, मिसेस लोवेन." टेसा हीबर्ट शाळा सुटल्यावर बेकरीत काम करायची. "मला दर दुसऱ्या शुक्रवारी पगार मिळतो. वर्षात सव्वीस वेळा, चोवीस नाही. दोन महिन्यांत तर तीन-तीन पगार होतात. तेव्हाच मी बूट घेते."

वर्ग हसला.

"तुमचा पगार महिन्याला होतो ना? मग तुमच्या नाही लक्षात येणार."

बावन्न आठवडे, भागिले दोन, म्हणजे सव्वीस हप्ते; गुणिले १४८, भागिले बारा. इर्माने कॅल्क्युलेटरची बटणं दाबली, चुकली, पुन्हा दाबली. महिन्याला तीनशे एकवीस.

"सहा वर्षांत बारा हप्ते जास्त," टेसा म्हणाली. "सतराशे शहात्तर डॉलर."

"मिस्टर क्ष गंडला!" डेरिक ओरडला. "कोण आहे हा बावळट?"

"आहे एक," इर्मा म्हणाली. "काचेच्या छताची गाडी घेतोय."

"मॅनिटोबाच्या थंडीत काचेचं छत? बर्फ बघायला?"

"पण त्याला गाडी हवीच आहे!" इर्माचा आवाज चढला.

टेसा तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग वापरलेली घ्यावी. आणि हप्ता नाही विचारायचा. सगळे मिळून किती, ते विचारायचं."

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गातून इर्माने शोरूमला फोन लावला. "तुम्ही आधी दाखवलेली ती राखाडी, वापरलेली गाडी अजून आहे का?"

"आहे, पण नवीचा हप्ता अवघा एकशे अठ्ठेचाळीस—"

"वर्षात किती वेळा?"

उत्तराची वाट न पाहता ती पुढे बोलली.

"राखाडी गाडीचे व्याजासकट सगळे मिळून किती, ते सांगा."

सांगितलेला आकडा तिने गणिताच्या कागदामागे लिहिला. त्याला महिन्यांनी भागलं, मग खात्रीसाठी तोच भागाकार पुन्हा केला. तीनशेच्या आत बसत होतं.

तरीही हिशेब तपासून घेण्यासाठी टेसा अजून बसच्या रांगेत आहे का, ते बघायला ती खिडकीशी गेली.