मनुबाईचा पाट

मी एक जुना पाट आहे, मित्रांनो. नाक दाबू नका, माझा मासळीचा वास केव्हाच गेला! दोन फळ्या जोडून मला केलं, पण जोड नीट बसला नाही, म्हणून माझ्या अंगावर मधोमध एक चीर राहिली. डोंबिवलीच्या बाजारात मनुबाई कोळीण सकाळभर माझ्यावर बसून मासे विकायची. दुपारी घरी आलो की तिची लेक तुळसा मला मांडीवर घेई आणि माझ्यावर कागद ठेवून चित्रं काढी.

१९८४ साली आठवीतली तुळसा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसली. मनुबाईने बजावलं होतं, "पास झालीस तं शिक पुढं. नायतर माझ्याबरोबर बाजारात बसायचं, काय?" घरात ड्रॉइंग बोर्ड नव्हता. मनुबाईनेच मला खसाखसा धुतलं. "ने गो. मी बसते गोणपाटावर."

परीक्षेच्या वर्गात शेजारची कांता म्हणाली, "अगं, पाट आणलास! ताट कुठंय? आणि वास बघा, बाई!" सगळ्या हसल्या. तुळसाने मान खाली घालून माझ्यावर कागद लावला. ती सहलीचं चित्र काढत होती. पेन्सिलीने छटा देताना माझी चीर कागदावर उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खोडावं तर अजूनच काळी! माझ्यामुळे पोरीचं शिक्षण बुडणार, अशी मला धास्ती बसली. तुळसा मात्र त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने रेघेखाली पाणी काढलं, रेघेवर होडी. चीर खाडी झाली.

ती पास झाली. मनुबाईने मला हात जोडले. "याच्यावर विद्या बसली. आता मी नाय बसायची." तेव्हापासून तिला गोणपाटच.

तुळसा पुढे शिकली, मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढू लागली. काम नसे तेव्हा शिकवण्या घ्यायची, पण रोज स्वतःचं एक चित्र काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ठाकुर्लीच्या तिच्या घरात मोठं गुळगुळीत टेबल आलं आणि मी माळ्यावर गेलो. कितीतरी वर्षं खालून येणारी पेन्सिलीची खसखस ऐकत मी धूळ खात पडलो.

एकदा मनुबाई आली. आता तिचे गुडघे धरत होते.

"माझा पाट कुठं गो?"

तुळसा ओशाळली. तिने मला खाली काढलं, ओढणीने पुसलं. "बस, आये. तुझं चित्र काढायचंय."

"विद्येवर बसू?"

"तुझ्यामुळंच आली ना ती?"

"माझं काय काढतेस? पापलेट काढ, ती दिसायला बरी!"

असं म्हणत म्हणत ती बसलीच. तो ओळखीचा भार! मला पुन्हा बाजारात गेल्यासारखं वाटलं.

गुळगुळीत टेबलावर चीर कुठून उमटणार? चित्र पुरं झाल्यावर तुळसाने मनुबाईच्या पाठीमागे आपल्या हाताने एक आडवी रेघ ओढली. बरोबर माझी चीर उमटली होती त्या जागी.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, माझं लाकूड टिकेल. पण तुम्हाला चित्र काढता यावं म्हणून तुमच्याही घरात कुणीतरी जमिनीवर बसलं असेल. त्यांना एकदा विचारा, "पाट देऊ का?"