फटीतली टोपी

आमच्या ह्यांची टोपी एका विमानात अडकून बसली होती आणि त्या टोपीच्या अस्तरात आमच्या मुलीचा फोटो होता. एकुलता एक, दुसरी प्रत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या संग्रहालयात जाऊन मी एवढा तमाशा का केला, असं कोणी मला विचारायला नको.

हे फ्लाइट इंजिनिअर होते. आवाजाच्या दुप्पट वेगानं माणसं नेणारं जे विमान होतं ना, त्याच्या कॉकपिटमध्ये दोघे वैमानिक पुढे तोंड करून बसायचे आणि तिसरे हे, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून. सगळी दुनिया पुढे सरकतेय आणि हे आपले काटे बघत बसलेत. लग्न ठरलं तेव्हा माझ्या धाकट्या भावानं विचारलं होतं, ह्यांना काही शिक्षा झालीय का म्हणून. काम मात्र जोखमीचं होतं. वेग वाढला की विमानाचा तोल बदलायचा. मग पंपानं इंधन मागच्या टाकीत न्यायचं आणि उतरायच्या वेळी परत पुढे आणायचं. ते सगळं ह्यांच्या हातात. घरातही तीच खोड. सुट्टीच्या दिवशी कपाट इकडून तिकडे, टेबल तिकडून इकडे. मी त्या विमानाला सवत म्हणायचे. दिसायला देखणी होती सवत, तेवढं मी तेव्हाही कबूल करायचे.

तर ती फट. एवढ्या वेगात हवेशी घासून विमान तापायचं आणि तापलं की अख्खंच्या अख्खं वीतभर लांब व्हायचं. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, नव्या नवरीला थापा मारता काय? पण खरं होतं. ह्यांचं पॅनेल आणि मागची भिंत यांच्यात जमिनीवर कागदसुद्धा शिरणार नाही, आणि वर गेल्यावर तिथे सबंध पंजा जाईल एवढी फट पडायची. खाली येताना विमान गार व्हायचं आणि फट मिटायची.

पुढे ती विमानं बंद झाली. इंधन बेसुमार प्यायची. तिकीट असं की तुम्हीआम्ही नुसतं बघावं. आणि वेगात गेली की खाली असा धडाका व्हायचा की लोकांच्या घरातली तावदानं थरथरायची, म्हणून समुद्र सोडून कुठे त्या वेगानं उडायची सोयच नव्हती. शेवटची उड्डाणं ठरली तेव्हा ह्यांच्यासारख्या इंजिनिअर मंडळींनी एक टूम काढली. फट उघडी असताना आपली टोपी तिच्यात खोचायची. विमान पुन्हा कधी तापणार नाही, फट पुन्हा उघडणार नाही, टोपी जन्मभर तिथेच. निरोप घ्यायची ती त्यांची तऱ्हा. ह्यांनीही खोचली. वैमानिकांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या. आणि विमान खाली यायला लागल्यावर ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की फोटो टोपीतच आहे.

तेव्हा इंधन पुढे आणायचं काम चालू होतं. ते सोडून उठता येत नाही. एका हातानं ओढून पाहिली म्हणाले, निघाली नाही. दोन्ही हात मोकळे झाले तोवर फट मिटली होती. त्या संध्याकाळी हे उघड्या डोक्यानं दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "फोटो टोपीत राहिला." मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. त्यानंतर किती दिवस अबोला धरला ते विचारू नका.

आमची मुलगी फार लवकर जन्मली आणि एक दिवससुद्धा पुरा जगली नाही. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून काढून तिला ह्यांच्या हातात दिलं तेव्हा तिथल्या नर्सनं आपल्याजवळच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. कागद लगेच बाहेर येतो ना, तसला कॅमेरा. त्याला निगेटिव्ह नसते. फोटो ह्यांनी टोपीत ठेवला. तुझ्याजवळ राहिला तर तू दिवसभर तोच घेऊन बसशील, म्हणाले. काही खोटं नव्हतं त्यात. हे घरी आले की मी टोपी मागून घ्यायचे, फोटो बघायचे, टोपी परत द्यायचे. दोघं एक अक्षर बोलायचो नाही. पुढे मूल झालं नाही, आणि तिच्याबद्दल हे कधी म्हणजे कधी तोंडातून ब्र काढायचे नाहीत. मी मनात म्हणायचे, ह्या माणसाचा सगळा जीव त्या काट्यांत. बाकी कशाचं ह्यांना सोयरसुतक नाही.

आणि फोटो गेल्यावर काही वर्षांनी मला तिचा चेहरा आठवेनासा झाला. डोळे मिटून आणायला जावं तर शेजारणीच्या बाळाचा यायचा, नाहीतर कुठल्यातरी डब्यावरच्या गुटगुटीत पोराचा. मला स्वतःचाच संताप यायचा. आई म्हणवतेस आणि चेहरा आठवत नाही? हे कोणाला सांगायची सोय नव्हती, ह्यांना तर नाहीच.

विमान संग्रहालयात येऊन उभं राहिलं आणि हे निवृत्त होऊन तिथेच फुकटचे वाटाडे झाले. आठवड्यातून एकदा डबा घेऊन मीही जायचे. हे लोकांना कॉकपिट दाखवायचे, टोपीचा किस्सा सांगायचे. फटीतून तिचा थोडा काठ बाहेर दिसायचा. त्यावर संग्रहालयानं प्लास्टिकचं झाकण बसवलं होतं, कोणी ओढू नये म्हणून. लोक हसायचे, फोटो काढून घ्यायचे. मी मागे उभी, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात. मी संग्रहालयाच्या साहेबांकडे टोपी मागूनही पाहिली. साहेब माणूस भला. चहा पाजला, आणि म्हणाले, काकू, लोक तीच बघायला येतात हो. मी कारण सांगितलं नाही. हे समोरच होते, मान खाली घालून. म्हटलं, ह्यांना बोलायचं नाही तर मी तरी परक्यापुढे कशाला रडगाणं गाऊ?

मागच्या वर्षी एक पोरगी आली. असंच वेगवान विमान पुन्हा बनवू बघणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. ह्यांना भेटायला घरीच आली, काका-काकू करत स्वयंपाकघरात येऊन बसली आणि बोलत सुटली. नव्या विमानाचं नाक म्हणे लांबलचक आणि निमुळतं असणार, त्यामुळे धडाका होणार नाही. खाली गाडीचं दार लावल्यासारखा धप्प आवाज येईल, फार तर. तसं झालं तर जमिनीवरूनही वेगात जायची परवानगी मिळेल. पुढे खिडकी नाही, वैमानिक पडद्यावर बघणार. तिसरी खुर्ची नाही, तोल सांभाळायला संगणक. हे सगळं ऐकून घेत होते, विचारत होते, मजेत होते. मग ती म्हणाली की विमानाचं अंग वेगळ्या पदार्थाचं आहे, तापून फारसं वाढतच नाही.

"म्हणजे फट?" ह्यांनी विचारलं.

"पडणारच नाही, काका."

चहा निवून गेला तरी ह्यांनी कपाला हात लावला नाही.

जुनं पॅनेल इतकी वर्षं तापून गार होऊन आतून कसं झालंय, वायरी, पट्ट्या, जोड, ते तिला बघायचं होतं. साहेबांनी परवानगी दिली. त्या सकाळी मी डबा न घेताच गेले. कॉकपिट म्हणजे आमच्या न्हाणीघराएवढं. त्यात साहेब, ती पोरगी, हे आणि दारात मी. साहेबांनी आधीच बजावलं, पुढच्या बाजूचे स्क्रू काढा, टोपीच्या बाजूला हात लावायचा नाही. पोरगी म्हणाली, त्या बाजूचेही थोडे ढिले केले तर मला जास्त दिसेल. साहेब म्हणाले, नाही. एकदा निघाली की तशी परत बसणार नाही, आणि मग तिच्यात राहिलं काय? हे स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन उभे. माझे हात शिवशिवत होते.

पोरगी पुढचे स्क्रू काढायला बसली. काम करता करता सहज बोलत होती. तिला म्हणे सगळे एकच विचारतात, एवढी घाई कोणाला आहे? हल्ली घरबसल्या फोनवर माणूस समोर दिसतो. चार तास आधी पोचून असं काय मिळणार? पैसेवाल्यांची हौस, असं म्हणून ती स्वतःच हसली. साहेबही हसले.

"मी सांगते कोणाला घाई असते," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघायला लागले. नको, असं त्या नजरेत होतं. पण आता मी थांबणार नव्हते.

"आमची मुलगी जन्मली तेव्हा हे समुद्रापलीकडे होते. डॉक्टर म्हणाले, वडिलांना बोलवायचं तर आत्ताच बोलवा. परतीचं उड्डाण ह्यांचंच होतं. ह्याच खुर्चीवर बसून, हेच काटे बघत हे आले, आणि आले तेव्हा ती श्वास घेत होती. ह्यांच्या हातात होती. साध्या विमानानं आले असते ना, तर रिकामी पेटी बघायला मिळाली असती. फोनवर दिसलं असतं म्हणता, पण फोनवर मूल हातात घेता येत नाही. तिचा एकच फोटो काढला होता आणि तो त्या टोपीत आहे. मला तो हवाय. टोपी ठेवा तुमची, लोकांना दाखवा, काय करायचं ते करा. माझी मुलगी मला द्या."

पोरगी खाली बघत होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुढे होऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी ते प्लास्टिकचं झाकण काढलं आणि ह्यांना म्हणाले, घ्या काढून.

स्क्रू ह्यांनीच काढले, कोणाला हात लावू दिला नाही. पॅनेलची कड थोडी सुटली आणि टोपी निघाली. इस्त्री फिरवल्यासारखी चपटी झाली होती. मधोमध भिंतीच्या पट्टीचा व्रण. ह्यांनी अस्तरात दोन बोटं घातली, फोटो काढला आणि न बघता माझ्या हातात दिला.

फोटो पांढरा पडला होता. एका कोपऱ्यात ह्यांच्या बाहीचं बटण दिसत होतं, त्याच्याजवळ अंगठा, आणि दुपट्याची निळी किनार. बाकी जिथे ती होती तिथे दुधाचा थेंब सांडून वाळावा तसा डाग. उजेडाकडे धरला, तिरका केला, तेवढ्यात पोरीनं टॉर्च लावला. काही नाही.

"अहो, गेली," मी म्हटलं. "चेहराच गेला हो तिचा. आणि मला आठवत नाहीये. कधीचा आठवत नाहीये."

इतकी वर्षं जे लपवलं ते असं चारचौघांत बाहेर पडलं. साहेब पोरीला खूण करून बाहेर घेऊन गेले. ह्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या खुर्चीत बसले. चष्मा लावला. त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे नेहमीसारखे मुकाट बसणार, आणि मी ह्यांना कधी माफ करणार नाही.

"केस काळे," हे म्हणाले. "पातळ. कपाळावर खाली आलेले."

मला काही कळेना.

"रोज बघायचो," हे म्हणाले. "टोपी उतरवताना. प्रत्येक उड्डाणाच्या आधी. मला पाठ आहे."

मी भिंतीला टेकून खाली बसले. जागा एवढीशी की माझे गुडघे ह्यांच्या खुर्चीला लागत होते.

"भुवया अजून आल्या नव्हत्या. डोळे मिटलेले, पण उजवा पुरता नाही, थोडी फट राहिलेली. कान डोक्याला चिकटलेले. हनुवटीला खळी."

"मधोमध नाही," मी म्हटलं. कुठून आठवलं देव जाणे. "थोडी डावीकडे."

"थोडी डावीकडे," हे म्हणाले. "बरोबर. वरचा ओठ बारीक. ओठ हलत होते. फोटोत ते नव्हतं, पण हलत होते."

"आणि नाक?"

ह्यांनी चष्मा काढला आणि फोटो छातीशी धरला.

"तुझं," हे म्हणाले, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्यासमोर रडले.